तांबट आळीत इंटरव्ह्यू घ्यायचा, पण बसायचं कुठे?

मागच्या महिन्यात एका तांबट काकांचा, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिराचा, व्हिडिओ इंटरव्ह्यू केला, जेमतेम पंधरा मिनिटांचा, आणि जागा ठरवण्यातच आठवडा गेला. मित्र म्हणाला एवढं काय त्यात, कुठेतरी खुर्ची टाकायची नि बसायचं. म्हणून हे लिहितोय.

काका पुण्यातल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतले. पेशवाईत ही मंडळी कोकणातून इकडे आली, तेव्हा भांड्यांबरोबर तोफा नि नाणी पण घडवायची, आता बंब, घागरी, हंडे. भांड्याचा आकार झाला की त्यावर हातोडीने एकसारखे ठोके मारत जातात, त्याला मठारकाम म्हणतात, त्यानं पत्रा टणक होतो आणि वर ती चमचमती टिकल्याटिकल्यांची नक्षी उमटते. आता विचार करा, अशी घरं शेजारीशेजारी, सकाळपासून खट् खट् खट्, आणि मला तिथे बसून हळू आवाजात विचारायचंय, "काका, हातोडी पहिल्यांदा कधी हातात घेतली?"

पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो तोच आला, शनिवारवाडा. जवळ आहे, मागे भिंती छान. पण ते संरक्षित स्मारक, ट्रायपॉड वगैरे लावून शूटिंग करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि समोर शिवाजी रोडचे हॉर्न. बरं, परवानगी मिळाली असती तरी काका तिथे बसून करणार काय, ते काय गाईड आहेत? हा प्लॅन कॅन्सल झाला ते बरंच झालं.

मग मित्राचा फ्लॅट. पाचवा मजला, खिडक्या बंद केल्या की एकदम शांत, मी खूश. हॉलच्या मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवली तर ती टाळी भिंतीवर आपटून परत आली. खाली टाइल्स, पडदे नाहीत, सोफा एकच. अशा खोलीत माणूस बोलला की वाटतं बाथरूममधनं बोलतोय, आणि तो घुमारा नंतर एडिटिंगमध्ये धड निघत नाही. (ही टाळीची टेस्ट फुकट आहे, कुठल्याही जागेत कॅमेरा काढायच्या आधी करा.) तरी दोन रजया नि एक सतरंजी अंथरून बघू म्हणलं, तर फ्रिज घूं करायला लागला. फ्रिज बंद करताना स्कूटरची किल्ली आत ठेवायची, म्हणजे निघताना फ्रिज परत चालू करायचं विसरत नाही, किल्लीशिवाय जाणार कुठे? ही युक्ती साउंडवाल्यांची, माझी नाही.

काकांना तिथे आणून ट्रायल घेतली आणि सगळं फिसकटलं. आवाज बरा आला, पण काका बोलेचनात. मांडीवर हात ठेवून, शाळेच्या इन्स्पेक्शनला बसल्यासारखे, "हो", "वडिलांकडून शिकलो", "चाललंय". चहाला खाली आलो तर टपरीवर उभं राहून कल्हईवर वीस मिनिटं बोलले! तिथेच कळलं की माणूस घडाघडा कुठे बोलतो ते आधी बघायचं, शांतता त्याच्या मागनं येईल.

म्हणजे परत आळीतच. एक अख्खा दिवस कॅमेरा न घेता नुसता जाऊन बसलो, वहीत लिहीत. साडेनऊला ठोके सुरू, अकराला भंगारवाला, मधेच कुणाचा तरी कुकर, आणि दीडच्या सुमाराला जेवायला म्हणून सगळीकडचे हातोडे हळूहळू थांबतात. तास-सव्वातास. हीच आपली वेळ. ठोके तर व्हिडिओत हवेतच की, ते सकाळी वेगळे रेकॉर्ड करून ठेवले, हवे तिथे टाकता येतात.

आता उजेड. कामाची जागा अंधारी, एकच दार गल्लीकडे उघडतं. काकांना दाराकडे पाठ करून बसवलं तर चेहरा काळा, दाराकडे तोंड केलं तर डोळे बारीक, म्हणून दार त्यांच्या डाव्या हाताला येईल असं बसवलं, अर्धा चेहरा उजळ, अर्धा सावलीत, तांब्याचा लालसर रंग गालावर. वरची जुनी ट्यूब मात्र स्क्रीनवर फडफडत होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, आणि माझा मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम टिपत होता, दोन्हींचा मेळ बसत नव्हता, म्हणून स्क्रीनवर पट्टे. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (एक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) १/५० सेकंद केलं, पट्टे गायब. नाहीतर सरळ ट्यूब बंद करा.

मागे भांडी रचली, मोठा बंब मधोमध. भारी दिसत होतं. फोटो झूम करून बघतो तर बंबाच्या पोटात मी, बुटका, कॅमेऱ्यासकट. बंब थोडा तिरका केला नि काकांना त्याच्यापासून चारेक फूट पुढे ओढलं. कॉलर माइक हनुवटीच्या खाली एक वीत. माइक लांब ठेवून मग आवाज वाढवू असं करू नका, अंतर दुप्पट झालं की आवाजाची ताकद पाव उरते आणि बाकी गल्लीच जास्त ऐकू येते.

हातात काहीतरी हवं म्हणून काकांनी स्वतःच एक अर्धवट तपेली घेतली, आणि तिच्याकडे बघतच सगळं बोलले. मला फार विचारावं लागलं नाही.

शेवटी म्हणलं, काका, आता अर्धा मिनिट कुणीच बोलायचं नाही, नुसता खोलीचा आवाज घ्यायचाय, एडिटिंगमध्ये तुकडे जोडताना लागतो. काका हसले, "शांततेचं पण रेकॉर्डिंग करता होय तुम्ही!" गप्प बसलो. दहा सेकंद झाले असतील नसतील, शेजारी ठोके सुरू. जेवण लवकर आटोपलं कुणाचं तरी. मी हात वर करणार तेवढ्यात काकांनी बोट उचललं, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाले, "घागर आहे. गळ्यापाशी आलाय तो."

माइक चालूच होता.