तीन साड्या, सहा थर: गोधडीच्या आठवड्याची रोजनिशी

सोमवार

वैशाख अर्धा सरला. गोधड्या मृगाच्या आत उरकलेल्या बऱ्या. पावसाळी हवेत कापड दमट राहतं, तसंच घडीत बसलं की वास धरतं, आणि पोटातल्या थरांत शिरलेला वास पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हटत नाही.

या महिन्याची चिठ्ठी निघाली. आमच्या गटाचं भिशीसारखं आहे: दर महिन्याला एकीचं नाव, तिच्या घरची गोधडी, हात सगळ्यांचे. ज्या शेतातून आल्यात त्या याला सावड म्हणतात. तोच शब्द आम्हाला जास्त पटतो, कारण इथे पैसा फिरत नाही, कष्ट फिरतात.

आजचं काम कापड पारखायचं. तीन सहावारी सुती साड्या पुरतात. नेसून नेसून मऊ झालेल्या हव्यात, पण विरलेल्या नकोत. साडी उजेडासमोर धरली की विरलेली जागा लगेच कळते. ती जागा पोटात घालता येते, वर नाही. सुती की मिश्र अशी शंका आली तर एक धागा ओढून जाळायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख मऊ पडते. पॉलिस्टर वितळतं, टोकाला कडक मणी होतो. पॉलिस्टरला घाम शोषता येत नाही, थर एकमेकांवर सरकतात आणि सुई दर टाक्याला अडते. अशी साडी कितीही सुंदर असो, आम्ही परत करतो.

सगळं कापड गरम पाण्यात धुऊन खळ काढली. वरची साडी नवी असेल तर हे दोनदा करावं. नवं सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटतं, पोटातलं जुनं आटून गेलेलं असतं, मग पहिल्याच धुण्यात सगळ्या गोधडीला चुण्या पडतात. लाल आणि गडद निळ्याचं एक टोक ओलं करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहिलं. लाल सुटला. ती साडी पुन्हा भिजत घातली.

मंगळवार

कापणी. सहावारीची लांबी अठरा फूट, तिच्या चार घड्या घातल्या की साडेचार फूट होते. रुंदी पन्नाभर असते, दोन्ही काठ काढल्यावर सव्वातीन फुटांच्या आसपास राहते. अशा दोन साड्या शेजारी शेजारी मांडल्या की साडेसहा बाय साडेचार फुटांचं पोट मिळतं, चार थरांचं. तिसरी साडी कापून तळ आणि वरची बाजू. एकूण सहा थर. उन्हाळ्यात खाली अंथरायला आणि थंडीत पांघरायला हेच जाडीचं माप बरोबर बसतं. आठ थरांची गोधडी उबदार होते खरी, पण सुई जात नाही आणि धुताना दोघी लागतात.

काठ का काढायचे? काठाची वीण घट्ट असते, पोटात राहिला तर अंगाखाली उंचवटा लागतो. जरीचा असेल तर तारा टोचतात. सुती काठ फेकायचे मात्र नाहीत, त्यांचाच गोट, म्हणजे कडेभोवतीची पट्टी, होतो.

एका काकूंनी आईची साडी आणली होती. आई गेल्या वर्षी वारल्या. अशा साडीला कात्री लावण्याआधी आमच्यात विचारायची रीत आहे: वर दिसू दे की पोटात राहू दे? त्या म्हणाल्या, "पदर उशाकडे येऊ दे." पदर विरलेला होता, म्हणून त्याखाली मलमलचा तुकडा टाचून मग वर घेतला. कापताना कात्री त्यांच्याच हातात दिली. बाकी कुणी बोललं नाही, आणि तेच बरं झालं.

बुधवार

अंथरणी. सगळ्या कामातला हा दिवस सर्वांत मोलाचा, आणि घाईही याच दिवशी होते. गोधडी बिघडते ती शिवताना नाही, अंथरताना.

फरशी पुसून कोरडी केली. तळ उलटा पसरला, चारी कोपऱ्यांवर चौघी बसल्या. दोघींनी ओढलं तर कापड तिरकं जातं, चौघींनी एकाच वेळी हलकं ताणलं तर चौकोन राहतो. कोपऱ्यांवर वरवंटा आणि फडक्यात गुंडाळलेल्या विटा ठेवल्या. मग पोटाचा एकेक थर. पोटाचा सांधा तळाच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, वीतभर सरकवायचा. एका बाजूला वीतभर कमी पडतं तिथे चिंध्यांची पट्टी भरायची. दोन्ही सांधे एकावर एक आले की गोधडीच्या मधोमध वरंबा उठतो आणि नेमका कमरेखाली येतो. प्रत्येक थर ओलसर तळव्याने मधून कडेकडे सारवल्यासारखा फिरवला. शेवटी वरचं कापड, सुलटं.

मग कच्चा टाका. पहिली ओळ उभी मधोमध, दुसरी आडवी, फुलीसारखी. तिथून बाहेर वीत-वीत अंतरावर, टाके चार बोटं लांब. मधून बाहेर जायचं कारण साधं आहे: जास्तीचं कापड कडेला ढकललं जातं आणि तिथे कापून टाकता येतं. कडेकडून आत आलं तर ते मध्यात कोंडतं. त्याला आम्ही फुगा म्हणतो. फुगा एकदा पक्क्या टाक्यात अडकला की उसवण्याशिवाय इलाज नाही.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका कवंदी ही त्यांची गोधडी शिवतात ती मात्र कोपऱ्यातून सुरू होऊन कडेने फिरत फिरत मध्याकडे जाते. त्या तुकडे जागच्या जागी दुमडून बसवत जातात, म्हणून त्यांना ते साधतं. चारी कोपऱ्यांना घडीची त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय त्या कवंदीला पुरी म्हणत नाहीत. ती फुलं आम्हीही लावायला लागलो आहोत.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार

धावदोरा. आधी नऊ-नऊ इंचांवर पाच उभ्या ओळी, मग मधल्या जागा भरायच्या, ओळीत अंतर एक बोट. अशा बहात्तर ओळी होतात. इंचाला तीन टाके धरले तर सोळा-सतरा हजार टाके. सरावलेल्या हाताला एका ओळीला अर्धा तास. सहा जणी, रोज दोन तास, तीन दुपारी. एकटीने करायला बसलं तर हेच काम महिनाभर रेंगाळतं आणि पाठ धरते ती वेगळीच.

दोरा जाड सुती, चार पदरी, मेणावरून ओढून घेतलेला. लांबी दोन हात, त्याहून जास्त नको. लांब दोरा पीळ धरतो, गाठी पडतात आणि शेवटाला तंतू सुटतात. या हिशेबाने सुई दोनशेच्या आसपास वेळा ओवावी लागते. आमच्यातल्या दोन आजींचे टाके तांदळाच्या दाण्यासारखे एकसारखे पडतात, पण नेढं आता दिसत नाही. त्यांच्यासाठी तरुण मुली बसल्याबरोबर वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवतात. खाली बसता न येणाऱ्यांसाठी दोन बाकांवर गोधडी पसरून खुर्च्या मांडतो.

गाठ मारायची नाही. गाठ अंगाला टोचते, शिवाय धुण्यात निसटून वर येते. पहिले दोन टाके उलटे घ्यायचे, शेपूट पोटात लपवायचं. सुई अडली तर दाताने ओढू नका, सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिमटीत धरून ओढा. दाभण नको, त्याची भोकं धुतल्यावरही मिटत नाहीत.

प्रत्येकीचा हात वेगळा. कुणाचा आवळ, तिची ओळ चुणते. कुणाचा सैल, तिचा दोरा बोटात, पैंजणात अडकतो. दोन आवळ हात शेजारी बसले तर गोधडी एका बाजूला आखडते. म्हणून दर दोन ओळींनी जागा बदलायच्या. यात गप्पांचे जोडीदारही बदलतात, आणि एरवी बोलल्या नसत्या अशा दोघी समोरासमोर येतात. सून नवी असेल तर तिला मुद्दाम आजींच्या शेजारी बसवतो.

शुक्रवारी खालच्या बाजूला घडी सापडली, हातभर लांब. जिला दिसली तिने सांगायचं आणि जिने शिवलं तिच्यासोबत बसून उसवायचं, त्याच दुपारी. दुसऱ्या दिवसावर ढकललं की चूक बाजूला राहते आणि माणूस लक्षात राहतो.

चहा दूरच्या ओसरीवर. भेळ नाही, तेलाचा डाग निघत नाही.

रविवार

गोट. परीघ बावीस फूट, सांध्यांसाठी दोन फूट जादा काठ घेतला. कोपऱ्यात गोट ओढून बसवला तर कोपरा कपाळावरच्या आठीसारखा वळतो, तिथे सैल दुमड द्यावी. कोपऱ्यांवर फुलं लावली. कच्चे टाके काढले.

मग सुया मोजल्या. सकाळी बारा, आता अकरा. जुन्या स्पीकरचं चुंबक गोधडीभर फिरवलं, बारावी गोटाखाली सापडली. हे झाल्याशिवाय घडी घालत नाही, बाळाच्या दुपट्यावर तर दोनदा फिरवतो.

घरी नेताना सांगितलं: पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं. एका दोरीवर वाळत घालायची नाही, ओल्या वजनाने मध्ये ताणते. बाजेवर आडवी किंवा दोन दोऱ्यांवर पसरून. ठेवताना घडीत वेखंड.

पुढच्या सोमवारी बाळंतविड्याची चार दुपटी आहेत. तीनच थर, आत जुनी धोतरं, जरी नाही, मणी नाही. शिकाऊ हात तिथे बसवायचे, कारण ओळ हातभरच असते.