देठ

रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर दोघांचं निवडणं चालू असतं. एका टोकाला आई मेथी निवडते, दुसऱ्या टोकाला मी विमान.

विमान म्हणजे आपलं एचएफ-२४ मरुत, भारतात बनलेलं लढाऊ विमान. पुण्यात वाढलेल्या बऱ्याच जणांनी ते कमला नेहरू पार्कात पाहिलेलं असतं. खरं विमान जवळजवळ १६ मीटर लांब, माझं एकास बहात्तर मापाचं मॉडेल, म्हणजे बावीस सेंटिमीटर. मेथीच्या बारक्या जुडीएवढं. कुर्ट टँक नावाच्या जर्मन माणसाने ते बंगळुरूत आखलं, १७ जून १९६१ला ते पहिल्यांदा उडालं आणि सगळी मिळून १४७ विमानं बनली. इतक्या कमी बनलेल्या विमानाचे चाहते असून असून किती असणार? प्लास्टिकच्या किटला, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या डब्याला, पोलादी साचा लागतो आणि तो हजारो डबे खपल्याशिवाय परवडत नाही. म्हणून असलं विमान कुणीतरी हौशी माणूस सिलिकॉनच्या साच्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारा द्रव, ओतून काढतो. तो साचाही पंचवीस-तीस वेळा ओतलं की थकतो. कडा बोथट होतात आणि फटींतून रेझिन बाहेर पाझरायला लागतं. माझ्या वाट्याला बहुधा अठ्ठाविसावं विमान आलं असावं.

पुडीतून बाहेर आलेले भाग बघून नवखा माणूस घाबरतोच. सायीच्या रंगाचे तुकडे, प्रत्येकाला ओतकामाचा जाडजूड ठोकळा चिकटलेला, कडांना कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा. ठोकळ्याला काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं, आई त्याला देठ म्हणाली आणि आता मीही देठच म्हणतो.

सगळ्यात आधी अंघोळ. साच्यातून भाग सुटावा म्हणून तेलकट काहीतरी लावलेलं असतं, ते हाताला लागत नाही, दिसत तर नाहीच. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड, जुना टूथब्रश. पहिल्या मॉडेलच्या वेळी मी हे सगळं अंधश्रद्धा समजून टाळलं होतं. दोन आठवडे खपून रंग दिला, रेघ सरळ यावी म्हणून लावलेली टेप ओढली, तर टेपेबरोबर अख्ख्या पंखाचा रंग दुधावरची साय निघावी तसा उचलून आला. तेव्हापासून मी भागांना दोनदा साबण लावतो. खाली चहाची गाळणी धरून, कारण चाकाचं एक झाकण सिंकच्या भोकातून गेलेलं आहे. त्या गाळणीवरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

मग देठ कापायचा. बारीक दातांची करवत, आणि रेघेच्या थोडं बाहेरूनच. उरलेलं वॉटर पेपरवर घासायचं, आधी चारशे नंबर, मग सहाशे. घासताना पाणी हवंच आणि वर मास्कही हवा. रेझिनची धूळ पिठीसाखरेसारखी निरागस दिसते, पण फुप्फुसात जाऊन बसते. मरुतच्या बाबतीत आणखी एक जपावं लागतं. पंख जिथे जुळतात तिथे त्याची कंबर आत गेलेली आहे. आवाजाच्या वेगाच्या आसपास हवा फार अडवू नये म्हणून पंखांची जाडी जिथे वाढते तिथे धड तेवढं बारीक केलंय. टँकसाहेबांना मनासारखं इंजिन काही मिळालं नाही, त्यामुळे त्या कंबरेचं पुरतं चीज झालंच नाही. निदान माझ्या वॉटर पेपरने ती सपाट होऊ नये एवढंच मी बघतो.

बुडबुड्यांची गंमत वेगळीच. रेझिन ओतताना अडकलेली हवा टाचणीच्या टोकाएवढी भोकं करून ठेवते. फेविक्विकचा थेंब आणि चिमूटभर टाल्कम पावडर कालवून ती बुजवायची आणि लगेच घासायची. उद्यावर ढकललं की तो लेप रेझिनपेक्षा कडक होतो आणि आजूबाजूचंच झिजतं. डावा पंख वाकडा निघाला होता. तो गरम पाण्यात टाकला, मिनिटाभरात नरम पडला, काचेवर दाबून सरळ केला आणि गार पाण्यात बुडवला. शहाण्यासारखा सरळ राहिला.

मी हे सगळं जोडणार कधी, असं आई विचारते. खरं सांगायचं तर कपाटात नीट साफ करून, चिठ्ठ्या लावून ठेवलेले सात डबे आहेत आणि पुरी झालेली मॉडेलं दोन. जोडायला घेतलं की चुका दिसायला लागतात. निवडत असतो तोवर विमान अगदी बिनचूक असतं. आई म्हणते, तिचंही तसंच आहे. मेथी निवडायला तास जातो, फोडणीला पाच मिनिटं, आणि तिला तो तासच आवडतो, फक्त कुणी मध्ये बोलायला नको.

गेल्या रविवारी पिटो ट्यूब हरवली. विमानाचा वेग मोजायला हवेत पुढे काढलेली ती नळी; या मापात गव्हाच्या कुसळाएवढी. टेबल झालं, फरशी झाली, माझ्या शर्टाची घडी झाली. आईने मेथीचे देठ नुकतेच कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकले होते. मी डबा उपडा केला आणि वर्तमानपत्रावर एकेक देठ बाजूला सारत बसलो. दोन जुड्यांचे देठ, वर चहाचा चोथा.

आई थोडा वेळ बघत राहिली.

"केवढीशी होती रे?"

मी बोटांनी दाखवलं.

"मग सुईच लाव की," ती म्हणाली. "माझ्या शिवणाच्या डब्यात बघ, नऊ नंबरची असेल. नेढं तेवढं मोडून टाक."