डोंबिवलीला उशिरा ऐकू येतं

श्रावणात चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ धरतं हे मला पन्नास वर्षं माहितीय, तरी परवा घसरलोच. पाय सुजून भोपळा. आठ दिवस खाली टेकायचा नाही म्हणाले. मग ओटीवर खाट, खाटेवर मी आणि उशाशी रेडिओ, आणि आमच्या इथलं ते कम्युनिटी रेडिओचं स्टेशन मी आयुष्यात पहिल्यांदा सकाळी सहापासून रात्रीपर्यंत सलग ऐकलं. एरवी येताजाता दोन गाणी कानावर पडली की झालं आपलं.

ट्रान्समीटर पन्नास वॅटचा, पोचून पोचून दहा-बारा किलोमीटर, त्यात मध्ये सडा, म्हणजे कातळाचं पठार. म्हणजे खाडीपलीकडे खणखणीत आणि सड्यामागच्या वाडीत नुसती खरखर. आमचं घर अगदी काठावर. त्यामुळे एरियल खिडकीच्या गजाला टेकवून विहिरीकडे वळवायची आणि मग त्या खिडकीत कोणी उभं राहायचं नाही, राहिलं की आवाज गेला. बायकोला नेमकी तिथेच वाती वळायची हुक्की येते.

सकाळी भूपाळी झाली की हवामान. मासेमारीची बंदी कागदावर 31 जुलैला संपते, पण इथला माणूस नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी लोटत नाही, आणि यंदा नारळ सोडला तरी बंदरावरचा तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा काही उतरेना. निवेदिका म्हणजे आमच्या मेडिकलवाल्याची मुलगी. 'समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' असं एकदम पुस्तकी वाचलंन, आणि लगेच खालच्या पट्टीत, "आणि काका, तुम्ही पण जाव नकात हां." हे कोणत्या काकांना ते अख्ख्या बंदरावर माहिती.

मग शेतीचं. सध्या हापूसला कल्टार, म्हणजे मोहोर लवकर आणायचं औषध, घालायचे दिवस, मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, आणि प्रमाण झाडाच्या पसाऱ्याच्या व्यासाच्या मीटरला तीन मिली. ऐकायला सोपं. पण आमच्या बाबांनी हयातभर कल्टार शिवलं नाही, 'झाडाक धमकी देवन आंबो मागूचो काय' म्हणायचे, आणि शेजारच्या बागेत मोहोर आमच्या आधी आला की दोन दिवस कोणाशी बोलायचे नाहीत. मी घालतो. घालताना अजून इकडेतिकडे बघून घेतो.

रेडिओ म्हटलं की मला आजोबाच आठवतात खरं तर. ते बातम्या ऐकायला चष्मा लावायचे. वाचायला नाही हां, ऐकायला! आधी चष्मा पुसायचा, मग रेडिओच्या तोंडावर घातलेलं भरतकामाचं कापड वर करायचं, मग बटण. सकाळी सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या लागायच्या, 'इयम् आकाशवाणी' कानावर पडलं की आम्ही राखुंडीचं बोट तोंडात घालून विहिरीकडे पळायचो, कारण तोवर तोंड धुतलेलं नसलं तर चहा नाही. संस्कृतचा आमच्या घराला एवढाच उपयोग झाला. रात्री मीडियम वेव्हवर कुठली कुठली स्टेशनं यायची, काटा केसभर हलला तरी भाषा बदलायची. आजोबा तीही ऐकायचे. चष्मा लावून. एक शब्द कळत नसे, पण मध्येच बंद केलेलं खपायचं नाही. माणूस बोलतोय ना, मग त्याचं वाक्य तरी पुरं होऊ दे. ही खोड माझ्यात उतरलीय, वाक्य अर्धं असताना मला रेडिओ बंद करता येत नाही, जाहिरातीचं असलं तरी.

दुपारी रानभाजी. एका आजींना बोलावलेलं, कुर्डूची भाजी सांगायला. निवेदिका विचारते खोबरं किती ग्रॅम, आजी म्हणतात, "लागात तेवढा घालूचा गो." तेल किती? "लागात तेवढा." मीठ तरी? तर आजी म्हणाल्या, "तुका येणा नाय वाटता रांदूक." मी एवढ्यांदा हसलो की फोनवर ताई घाबरली. ताई डोंबिवलीत, तीही हेच स्टेशन लावून बसलेली, पण ॲपवर, आणि तिथे सगळं अर्धं मिनिट उशिरा पोचतं. "काय झालं रे?" म्हटलं थांब, येतंय. आणि मग फोनमधून ती आजी आणि पाठोपाठ ताईचं हसू. दिवसभर असंच चाललेलं. मी पुढे, ती मागे, आयुष्यात हे पहिल्यांदाच, एरवी ती चार वर्षांनी मोठी.

चारला शाळेतली पोरं, मग सातबारावर कोणीतरी, तेव्हा झोप लागली.

सातला पुन्हा ताईचा फोन चालू. रेडिओवर आमच्या देवळातले पेटीवाले गुरुजी, जुनं रेकॉर्डिंग. ताई त्यांच्याकडेच शिकली. बोट चुकलं की गुरुजी पेटीचं झाकण हळूच बोटांवर आणायचे, लागायचं नाही, पण पुढच्या वेळी बोट चुकायचं नाही. मला म्हणाले होते, तू टाळ घे. माझ्याकडे अभंग संपला तरी तिच्याकडे चालूच होता आणि ती सांगत होती, "ऐक, ऐक, हा वरचा सूर बघ कसा घेतलाय, गणपतीत आले की भेटणार त्यांना, ऐकवून पण दाखवणार, अजून येतं मला."

या स्टेशनला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. पण ही काय बातमी नव्हती, गावाला निरोप होता. मेडिकलवाल्याची मुलगी जरा थांबली, घसा साफ केलान, आणि पहिल्याच वाक्यात मला कळलं. एरियल नीट होती, खिडकीत कोणी नव्हतं, शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. फोनमध्ये गुरुजींची पेटी अजून वाजत होती.

मी म्हटलं, "ताई, भाकऱ्यो झाल्यो काय गो?"

"नाय रे," ती म्हणाली, "हो अभंग संपलो की टाकतंय."