लोन पाहिजे का, लोन?

आमच्या धंद्यात अनोळखी नंबर उचलावाच लागतो. एमआयडीसीत माझे आठ माग आहेत, टॉवेल-नॅपकिनचे. ऑर्डर कधी इंदूरहून येते, कधी आंध्रातून, आणि नंबर सेव्ह नसतो. खडखडाटात शेजारी उभा माणूस काय म्हणतो तेही कळत नाही, म्हणून फोन वाजला की बोटांचा कापूस झटकत गेटबाहेर पळायचं. उन्हात उभं राहून ऐकायचं काय, तर "सर, प्री-अप्रूव्हड लोन आहे."

मागच्या मंगळवारी असे चार झाले. पाचव्याला मी खेकसलो, "नको म्हणलं ना बे!" तो गुंटूरचा व्यापारी निघाला.

पुतण्या म्हणाला, "काका, डीएनडी टाका की." जाहिरातीचे फोन नकोत अशी ती नोंद. टाकलीय रे बाबा, २०१९ पासून! मग खोदत बसलो. ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था. तिच्या २०१८ च्या नियमांत खोच अशी की डीएनडी असलं तरी तुम्ही स्वतः संमती दिलेल्या कंपनीला फोन करता येतो. मी कुठे दिली?

बायकोच्या पर्समध्ये सापडली. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत तिनं मिक्सरच्या सोडतीचं कुपन भरलं होतं, अर्थात माझा नंबर घालून. उरलेल्या अर्ध्या तुकड्यावर, घडीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात: 'आमच्याकडून संपर्क करण्यास माझी हरकत नाही.' मिक्सर लागला नाही, हे सांगायला नकोच.

पण संमती ज्याला दिली त्याच्यापुरती आणि ज्या कामासाठी दिली तेवढीच असते. मिक्सरवाल्याची संमती कर्जवाल्याला चालत नाही. शिवाय जाहिरातीचा फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच यायला हवा. मला येत होते ते साध्या दहा आकडी मोबाइलवरून. अशांविरुद्ध आता डीएनडी नसलेल्यालाही तक्रार करता येते, फोन आल्यापासून सात दिवसांत. पूर्वी तीनच दिवस मिळायचे, फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनं वाढवले. आणि दिलेली संमती काढून घेतली, तर त्या कंपनीला पुढचे ९० दिवस पुन्हा मागता येत नाही. हे मला सगळ्यात आवडलं.

चारही नंबर, तारीख आणि कोण काय बोललं ते थोडक्यात लिहून १९०९ या तक्रारीच्या नंबरवर मेसेज टाकले. तक्रार क्रमांक आले.

गुंटूरवाल्याची दोनदा माफी मागितली. ऑर्डर दिली त्यानं, पण डझनामागे पाच रुपये पाडून.