आमची वाटचाल : आरटीओच्या दारातून परमुलखात

कोल्हापूरच्या आरटीओसमोर वडिलांचं टेबल होतं. लायसन्स, पासिंग, एनओसी, बोजा चढवणं-उतरवणं, ही आमची रोजीरोटी. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटचा अर्ज क्वचितच यायचा, तोही लेकाकडे अमेरिकेला निघालेल्या एखाद्या काकांचा. पुढे बुलेटवाली पोरं तो मागायला लागली. कुठं निघालात विचारलं की उत्तर नेपाळ नाहीतर भूतान. तिथं आपलं भारतीय लायसन्स चालतं, असं सांगून मी त्यांना परत पाठवायचो. वडील एकदा वैतागून म्हणाले, "गिऱ्हाईक परत कशाला पाठवतोस? बाकीचे कागद करून दे की!" गाडी घेऊन रस्त्यानं परदेशी जाणाऱ्यांचे कागद करून द्यायचा आमचा आजचा धंदा तिथून सुरू झाला.

नेपाळ सोपं. व्हिसा नाही. सुनौली किंवा रक्सौलच्या पलीकडे गाडीचं भन्सार, म्हणजे कस्टम्सची पावती, दिवसांच्या हिशेबानं फाडायची. मोठ्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार कार्डावर भिस्त ठेवून निघालेले लोक आजही भेटतात. भूतानला सीमेवरच्या फुन्टशोलिंगमध्ये परमिट घ्यायचं, आणि 2022 पासून माणशी रात्रीला 1,200 रुपये शुल्क. एवढ्यावर ऑफिसचं भाडं सुटायचं, बस्स.

खरं काम वाढलं ते ऑगस्ट 2018 मध्ये. भारत आणि म्यानमारनं मणिपूरच्या सीमेवरचा मोरे-तामू नाका पासपोर्ट-व्हिसावाल्यांसाठी खुला केला. तोवर खास परवानगीच्या मागे धावावं लागायचं. गाडी थेट थायलंडला न्यायची हौस किती जणांना आहे, हे तेव्हा कळलं. म्यानमारमध्ये वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून, मोई नदीवरचा पूल ओलांडून थायलंडच्या माए सोतला उतरलं की पुन्हा आपल्यासारखी डावीकडून. लोक याचीच धास्ती घ्यायचे. ड्रायव्हर तासाभरात सरावतो हो. थायलंडनं परदेशी गाड्यांना आधी परवाना घ्यायची अट घातलीय, आणि तो तिथल्या एजन्सीमार्फतच मिळतो, हे मात्र कुणाच्या गावीही नसायचं.

व्हिसा माणसाला लागतो. गाडीला लागतं कार्नेट. ही गाडीच्या पासपोर्टाची वही समजा. आपल्याकडे ती मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळते. पानाचे तीन तुकडे: देशात शिरताना कस्टम्स एक फाडून घेतं, बाहेर पडताना दुसरा, आणि वहीत उरलेल्या तिसऱ्यावर दोन्ही शिक्के हवेत. बाहेर पडल्याचा शिक्का नसला की कागदोपत्री तुमची गाडी अजून त्याच देशात. मग ते सरकार आयात शुल्क मागू शकतं आणि इकडे तुम्ही कार्नेटसाठी ठेवलेली हमीची रक्कम अडकते. म्हणून निघण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला समोर बसवून, वही उघडून, बोट ठेवून दाखवतो: शिक्का इथं, आणि बॅरिअर उठायच्या आत बघायचा. रात्री उशिरा नाक्यावर पोचलेला माणूस फक्त पासपोर्टचा शिक्का बघतो आणि सुटतो.

वहीत चासी नंबर, इंजिन नंबर, रंग, सीट किती, जादा टायर किती, सगळं भरावं लागतं. एका गिऱ्हाइकानं निघायच्या आधी हौसेनं पांढरी गाडी काळ्या फिल्मनं मढवून आणली. आरसीवर पांढरी, वहीत पांढरी, दारात काळी! फिल्म सोलून काढली तेव्हा कुठं मी कागद हातात दिले. त्याहून नेहमीचं त्रांगडं म्हणजे गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणार मुलगा, वर बँकेचं कर्ज. मग अधिकारपत्र, नोटरी, बँकेचं ना-हरकत. आपल्या नावांचाही घोळ: पासपोर्टवर वडिलांचं नाव अख्खं, आरसीवर नुसतं आद्याक्षर. आरटीओतलं आयुष्य इथं कामाला आलं.

1 फेब्रुवारी 2021 ला म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि आमचा तो रस्ता बसला. करोनानं कंबर मोडलीच होती. मग तिबेटमार्गे मध्य आशिया आणि युरोप. चीन कार्नेटही मानत नाही आणि आपलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटही. तिथल्या एजन्सीचा गाइड संपूर्ण वाटेत सोबत, गाडीला तात्पुरती नंबरप्लेट, ड्रायव्हरला तात्पुरतं लायसन्स, आणि कुठून शिरणार, कुठून निघणार हे महिनोन् महिने आधी ठरलेलं. खर्च ऐकून निम्मे लोक चहा पिऊन उठतात. नेपाळमधून तिबेटला जायचा कोदारी नाका 2015 च्या भूकंपानंतर बंद पडला, म्हणून रसुवागढीच्या नाक्याकडे वळलो. तिथला पूल जुलै 2025 च्या पुरात वाहून गेला.

व्हिसाचं टेबल माझी बायको सांभाळते. ती तारखा उलट्या लावते, शेवटच्या देशापासून मागे. युरोपच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधीच्या सहा महिन्यांतच करता येतो, पासपोर्ट एकच आणि वकिलाती तीन-चार. म्हणून उझबेकिस्तानसारखे ऑनलाइन व्हिसा ती मुद्दाम मागे ठेवते, त्यांना पासपोर्ट सोडावा लागत नाही. "व्हिसा फ्री" वाचून आलेल्याला तिचा पहिला प्रश्न असतो, विमानानं की रस्त्यानं? इराणनं 2024 मध्ये भारतीयांना दिलेली माफी फक्त विमानानं येणाऱ्यांना होती. गाडीवाल्याला व्हिसा काढावाच लागत होता.

मोरेमार्गे थायलंडची चौकशी अजूनही येते. कुणीतरी जाऊन आल्याचा व्हिडिओ दाखवतात, तो बहुतेक 2019 चा असतो. त्यांना आम्ही गाडी कंटेनरनं पाठवून स्वतः विमानानं जायचा पर्याय सांगतो. त्या रस्त्यासाठी ॲडव्हान्स देऊ केला तरी घेत नाही.