गो नोंद ९ : शिडीने तोंडाला फेस आणला

गो म्हणजे रेषांच्या छेदांवर काळे-पांढरे दगड ठेवून एकमेकांना घेरायचा खेळ, आणि त्यातली शिडी म्हणजे पळणाऱ्या दगडाला दर खेळीला अडवत, जिन्यासारखं तिरकं हाकत नेऊन पकडणं. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, "शिडी जमली, विषय संपला." ते वाक्य मागे घेते. विषय संपला नव्हता. त्याने गुरुवारी रात्री पावणेबाराला मला गाठलं आणि १३ बाय १३ च्या पाटावर झोपवलं.

आधी गोड बातमी. ओजीएसवर (ऑनलाइन गो खेळायची साइट) १९ क्यूला टेकले; क्यूचा आकडा जितका कमी तितका खेळाडू वरचा. पुन्हा २० वर घसरेन, माहीत आहे, पण स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. आणि आयुष्यातलं पहिलं उत्तेगाएशी मी ठरवून केलं! आत्तापर्यंत दोनदा झालं होतं, दोन्ही वेळा माझ्यावर. यावेळी समोरचा १६ क्यूचा होता. मी एक दगड त्याच्या तोंडात दिला, त्याने तो उचलला, आणि मी तिथेच परत टाकून त्याचे चार उचलले. त्यानंतर तो दीड मिनिट काही खेळलाच नाही. त्या दीड मिनिटाची चव अजून तोंडावर आहे.

आता गुरुवारचं. माझे दगड काळे. डाव्या कडेपासून जरा आत समोरच्याचा एक पांढरा दगड कापून निघाला होता, दोनच श्वास (शेजारचे रिकामे छेद; ते संपले की दगड उचलला जातो) उरले होते. शिडी लागणार हे दिसलं. नोंद ६ मधला धडा लक्षात ठेवून (तेव्हा न बघता पळत सुटले होते आणि नऊ दगड घालवले होते, ते असो) मी या खेपेला नीट वाट तपासली. वरच्या उजव्या चांदणीवर (पाटावरचा ठळक ठिपक्याचा छेद) त्याचा दगड होता, तोही पाहिला. बोट धरून जिना मोजला. जिना त्या दगडाच्या बाजूने जात होता, दगडावरून नाही. म्हटलं चला, निर्धोक. आतारी. (आतारी म्हणजे समोरच्याला एकच श्वास उरेल अशी खेळी.) तो पळाला. पुन्हा आतारी, पुन्हा पळाला. मी मनात म्हणतेय, बिचाऱ्याला शिडी कळत नाही वाटतं. अकरा वेळा आतारी दिली मी. अकराव्यांदा पळताना त्याचा दगड अशा जागी आला की माझाच एक दगड आतारीत सापडला. एका बाजूला त्याचा पळणारा, वर त्याचाच नवा, आणि तिसऱ्या बाजूला चांदणीवर आरामात बसलेला तो. मी तरीही बाराव्यांदा आतारी दिली, कारण हात थांबला नाही. त्याने शांतपणे माझा दगड उचलला. बिचारा!

ज्यांनी शिडी तुटताना पाहिली नसेल त्यांना सांगते, नुकसान त्या एका दगडाचं नसतं. पाठलाग करताना आपण दोन्ही बाजूंना जे दगड पेरत जातो त्यांचा एकमेकांना हात नसतो. पळणारा सुटला की तो मागे वळून बघतो, आणि त्याला जागोजागी दुहेरी आतारी दिसते. एक वाचवा, दुसरा जातो. पुढच्या तीन खेळ्यांत मी राजीनामा दिला आणि फ्रिजमधला गार भात उभ्यानेच खाल्ला.

सापशिडीत शिडी लागली की माणूस वर जातो. इथे शिडी लावणाराच साप निघाला.

शुक्रवार, शनिवार, अख्खा रविवार मी ह्याच एका जागेवर घालवला. माझं गणित कुठे चुकलं? डाव तपासणाऱ्या एआयचा जिंकण्याच्या शक्यतेचा आलेख फक्त एवढंच दाखवतो की पहिल्याच आतारीला माझी रेघ कड्यावरून पडली. का पडली ते तो सांगत नाही. एआय म्हणजे बोर्डाचा निकाल आहे, मास्तर नाही, हे माझं मत आता पक्कं झालंय. शेवटी खऱ्या पाटावर डाव मांडला.

पाटाची कथाही सांगायची राहिली होती. गोचा पाट अगदी चौरस नसतो. जपानी मापात दोन रेषांमधलं अंतर एका दिशेने २२ मिमी आणि दुसऱ्या दिशेने २३.७ मिमी असतं, म्हणजे बसून बघताना तो चौरस वाटतो. मी फाइल तशी नीट करून फ्लेक्सवाल्याकडे दिली. त्याने "मॅडम, तुमची फाइल एका बाजूने ताणली गेली होती, चौकोन करून दिला" असं सांगून वर आभाराची अपेक्षा केली. दगड म्हणजे बोहरी आळीत घेतलेली कोटाची बटणं, काळी १८१ आणि पांढरी १८०, दोनदा मोजून. कॅरमच्या सोंगट्या वापरा असं सुचवणाऱ्यांनी एकदा शेजारच्या दोन छेदांवर त्या ठेवून बघाव्यात. मावत नाहीत. बटणांना 'टक्' असा आवाज येत नाही एवढंच दुःख.

तर रविवारी दुपारी लेक शेजारी येऊन बसली (वय आठ, नियम अर्धे माहीत). मी बटणं मांडतेय आणि ती रिकाम्या जागांवर खडूने तिरक्या रेघा ओढतेय. फ्लेक्स पुसता येतो म्हणून ओरडले नाही. आणि त्या रेघांमुळेच दिसलं. मी फक्त चार तिरक्या रेघा तपासत होते. मधल्या दोन पळणाऱ्याच्या आणि दोन्ही बाजूंची एकेक माझी. माझे दगड ज्या रेघेवर पडणार, तिला बाहेरून चिकटून असलेली आणखी एक रेघ दोन्हीकडे असते. तिथे त्याचा दगड असला की माझा दगड तिसऱ्या बाजूने दाबला जातो, आणि तो पळता पळता मला आतारी देतो. म्हणजे बघायच्या रेघा सहा. चार नाहीत. चांदणीचा दगड बरोब्बर सहावीवर होता. एवढ्यासाठी तीन दिवस.

मन हलकं करणारी एक गोष्ट. २०१७ साली अल्फागो झीरो ह्या गो खेळणाऱ्या एआयवरचा जो शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला, त्यात लिहिलंय की माणूस अगदी सुरुवातीला शिकतो ती शिच्यो (शिडीचं जपानी नाव) त्या यंत्राला प्रशिक्षणात बरीच उशिरा उमगली. काटागो ह्या दुसऱ्या गो-एआयला तर शिडीची माहिती आयती पुरवावी लागते. मला माझी लेक पुरवते. फरक नाही.

आता बेत. हे लिहायला बसले तेव्हा १९ बाय १९ वर उडी मारायचं ठरलं होतं. पण वरचा परिच्छेद लिहिताना तोच डाव परत डोळ्यांसमोर आला आणि जाणवलं की तिथे शिडीची गरजच नव्हती. आतारी न देता एक तिरकी खेळी खेळून गेता (दुरून टाकलेलं जाळं) टाकला असता तर तो कुठूनही निघाला तरी अडकला असता, चांदणीवर काहीही असो. आत्ता पाटावर तपासलं. निघत नाही. दोन्हीकडून करून बघितलं, निघत नाही! पळणारं दिसलं की मागे धावायचं, ही माझी खोड आहे. म्हणून १९ रद्द. १३ वरच अजून वीस डाव, आणि नियम असा की आतारी देण्याआधी गेता शोधायचा. सापडला नाही तरच शिडी, सहा रेघांनी.

शिवाय शिच्यो-आतारीची खाज सुटली आहे. लांबच्या कोपऱ्यात असा दगड टाकायचा की शिडीही तुटते आणि त्या कोपऱ्यालाही धाक बसतो, समोरच्याला दोन्हींपैकी एकालाच उत्तर देता येतं. माझ्यावर जे नकळत झालं ते कुणावर तरी मुद्दाम करायचंय. एक पत्रडाव चालू आहे, समोरचा १७ क्यू, त्याने काल डाव्या खालच्या कोपऱ्यात शिडी लावली आहे. माझ्याकडे खेळायला अजून दोन दिवस आहेत. खडू मात्र सापडत नाहीये.