शिवडीच्या चिखलातले तेल मोजताना

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मुंबई बंदरातील गाळाचा विषय घेतला, तेव्हा तवंग जसा पाण्यावर दिसतो तसे गाळातले तेलही दिसेल, अशी माझी भाबडी समजूत होती. तवंग काही दिवसांत विरतो. परंतु पाण्यातील मातीच्या बारीक कणांना चिकटलेले तेल त्यांच्याबरोबर तळाशी बसते आणि खालच्या प्राणवायूविरहित थरात त्याचे विघटन फार संथपणे होते. ७ ऑगस्ट २०१० रोजी बंदराच्या जलमार्गात 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन सांडलेले इंधनतेल रायगडच्या तिवरांपर्यंत पोहोचले होते. मला मात्र रोजच्या, बातमी न होणाऱ्या गळतीचे कुतूहल होते.

उधाणाची मोठी ओहोटी मुंबईत पहाटे सहाच्या सुमारास पूर्ण होते, म्हणून अंधारातच शिवडीला पोहोचून गुडघाभर चिखलात उतरावे लागे. वरचा दोन सेंटिमीटरचा थर धातूच्या चमच्याने काढून काचेच्या बाटलीत भरायचा, बर्फात ठेवायचा आणि प्रयोगशाळेत गोठवायचा, एवढे सोपे काम. तरीही माझी नमुन्यांची पहिली सगळी तुकडी वाया गेली. गाळ न घालता केवळ तेल विरघळवणाऱ्या द्रावकावर तीच सारी प्रक्रिया करून जो कोरा नमुना तपासतात, त्यातच तेलासारखा संकेत आला. दोष बाटलीच्या झाकणातील प्लास्टिकच्या अस्तराचा होता, हे कळण्यात तीन आठवडे गेले. त्यानंतर काचेची भांडी ४५० अंशांवर तापवून आणि झाकणाखाली ॲल्युमिनियमचा कागद घालून मी पुन्हा पहाटेची वाट धरली.

वाळवलेल्या गाळातून सॉक्स्लेट उपकरणाने, म्हणजे गरम द्रावकाने पुन्हा पुन्हा धुऊन, अर्क काढताना कुजक्या अंड्याच्या वासाच्या त्या काळ्या चिखलातले गंधकही अर्कात उतरते आणि पुढचे मापन बिघडवते. त्यासाठी अर्कात तांब्याचा कीस टाकायचा. तो पाहता पाहता काळा पडला, तेव्हा इतक्या दिवसांत प्रथमच काहीतरी डोळ्यांना दिसल्याचे समाधान वाटले.

अर्कातली संयुगे वेगवेगळी करून दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफच्या आलेखावर २७, २९ आणि ३१ कार्बन अणूंच्या साखळ्यांची उंच टोके आली आणि तेल सापडले असे वाटून मी हरखलो. मार्गदर्शक सरांनी शांतपणे सांगितले की हे पानांवरील मेणाचे लक्षण आहे, म्हणजे तिवरांचे. जुन्या, झिजलेल्या खनिज तेलाची खूण टोकांखालच्या पसरट उंचवट्यात शोधायची असते.

तो उंचवटा खाजणातल्या नमुन्यांपेक्षा धक्क्याजवळच्या नमुन्यांत ठळक होता, म्हणून 'धक्क्याजवळ प्रदूषण अधिक' असे मी लिहून टाकले. सरांनी त्या वाक्याखाली रेघ ओढून कणांचा आकार विचारला. बारीक चिकणमाती वाळूपेक्षा अधिक तेल धरून ठेवते, हे ठाऊक असूनही मी ते मोजले नव्हते. २ मायक्रोमीटरहून बारीक कण वेगळे मोजण्यासाठी गाळ ढवळलेले नळकांड्यातले पाणी, जाड कण खाली बसावेत म्हणून, सुमारे आठ तास न हलवता ठेवावे लागते. असे प्रत्येक नमुन्याचे केले. हिशेब नव्याने मांडल्यावर धक्का आणि खाजण यांतला फरक उरला खरा, पण पुष्कळ आक्रसला, आणि ते वाक्य मी 'चिकणमातीचे प्रमाण लक्षात घेता' या शब्दांनी सुरू करून पुन्हा लिहिले.